तार, तोटी आणि मासिक वर्गणी

उद्योजक रॉनी स्क्रूवाला यांचे नाव निघाले की लोकांना त्यांच्या यूटीव्ही या कंपनीचे चित्रपट आठवतात, ‘यू मुंबा’ या त्यांच्या संघाची कबड्डी आठवते, फार तर डिस्नेला विकलेली कंपनी आठवते. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत बोलके वर्ष वाटते ते १९८१. त्या वर्षी पंचविशीतला हा पारशी तरुण दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये जाऊन तिथल्या रहिवाशांना केबल टीव्ही नावाची एक अनोळखी गोष्ट विकत होता. घरी आधीच टीव्ही आहे, त्यावर दूरदर्शन दिसतेच, मग आणखी एका वायरीसाठी दर महिन्याला पैसे का मोजायचे, हा प्रश्न त्याला दाराआडून किती वेळा ऐकावा लागला असेल याची कल्पना करता येते. पुढे त्यांच्या हातून जे मोठे व्यवहार झाले आणि त्याही पुढे रायगड जिल्ह्यात जे पाण्याचे काम उभे राहिले, त्या सगळ्याचे बीज त्या दारांत उभे राहण्यात आहे, असे मला वाटत आले आहे. हा माझा तर्क आहे, त्यांनी स्वतः असे कुठे मांडले आहे असा दावा नाही.

तेव्हाची केबल म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. उपग्रह वाहिन्या यायला अजून दहा वर्षे होती. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झाले होते, रंग यायचा होता १९८२ मध्ये, आणि संध्याकाळी जे दाखवतील ते निमूटपणे पाहायचे अशी रीत होती. केबल म्हणजे इमारतीच्या एखाद्या खोलीत ठेवलेला व्हिडिओ कॅसेट प्लेअर आणि तिथून निघून प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक घरात गेलेली जाड काळी तार. कॅसेट खाली लागली की चित्रपट वर दिसायचा, इतके साधे तंत्र. श्रीमंतांच्या टॉवरमध्ये रुजलेली ही कल्पना काही वर्षांत आमच्यासारख्या चाळकऱ्यांपर्यंत उतरली, आणि उतरता उतरता तिचे रूपही बदलले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना वेढे घालून, एका इमारतीवरून दुसरीवर झोके घेत, आंब्याच्या फांदीला सुतळीने बांधलेली ती तार आमच्या खिडकीच्या गजातून आत यायची. जिन्याखाली एक पत्र्याचा डबा असे, त्यात अँप्लिफायर. पावसाळ्यात त्या डब्यात पाणी शिरले की पडद्यावर एका नायकाचे दोन नायक दिसत, आणि मग कोणीतरी खाली जाऊन डब्यावर थाप मारून येई.

केबलवाल्याची खरी ओळख मात्र त्याच्या तारेपेक्षा त्याच्या वहीने होत असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो ती लांबट वही काखेत धरून यायचा, खोली क्रमांकासमोर टिचकी मारायचा, आणि ज्यांचे दोन महिने थकले असतील त्यांच्याकडे न बोलता नुसता पाहायचा. या धंद्याचे गणित त्या वहीत होते. तार एकदाच ओढायची असते, तिचा खर्च एकदाच होतो. पण पुढची सगळी वर्षे ती चालू ठेवायची तर दर महिन्याला दारात जावे लागते, आणि ‘चित्र नीट दिसत नाही, पैसे कसले मागता’ हे ऐकून घ्यावे लागते. ज्याने जोडण्या पुष्कळ दिल्या आणि वसुली जमवली नाही, असा केबलवाला वर्षभरात दिसेनासा होई. फुकट दिलेल्या जोडणीची तक्रार कोणी करत नाही आणि दुरुस्तीही कोणी करत नाही, हे त्या पिढीतल्या प्रत्येक केबलवाल्याला ठाऊक होते.

१९९१ मध्ये आखाती युद्ध उपग्रहावरून घरात आले, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, पुढच्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला झी सुरू झाले, आणि गच्चीगच्चीवर मोठ्या परातीसारख्या छत्र्या उगवल्या. केबल हा बघता बघता इलाख्याचा धंदा झाला. कोणाची तार कोणत्या गल्लीत जाणार यावरून हाणामाऱ्या होऊ लागल्या, रात्रीतून तारा कापल्या जाऊ लागल्या. सरकारला केबलसाठी स्वतंत्र कायदा करायला १९९५ उजाडले. स्क्रूवाला यांनी तोवर आपले लक्ष तारेवरून तारेतून जे वाहते त्याकडे वळवले होते. १९९० मध्ये झरीना मेहता आणि देवेन खोटे यांना बरोबर घेऊन त्यांनी यूटीव्ही काढली. साडेसदतीस हजार रुपयांचे भांडवल होते असे सांगितले जाते. देवेन हे दुर्गाबाई खोटे यांचे नातू. मराठी बोलपटाच्या पहिल्या पावलांबरोबर पडद्यावर आलेल्या आणि उतारवयात जाहिरातपट व मालिकांची निर्मिती करणाऱ्या दुर्गाबाईंच्या घरातला धागा या कंपनीत विणला गेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवली.

पुढची वाटचाल पुष्कळांना माहीत आहे, तेव्हा ती थोडक्यात आटोपतो. १९९४ मध्ये दूरदर्शनवर रोज दुपारी येणारी ‘शांती’ ही यूटीव्हीची मालिका. रोजच्या मालिकेची सवय या देशाला ज्या मोजक्या कार्यक्रमांनी लावली, त्यांत तिचे नाव घ्यावे लागते. मग चित्रपट, त्यांत परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लोकांपर्यंत नेण्याचाही वाटा. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात. २००६ मध्ये ‘हंगामा’ ही मुलांची वाहिनी डिस्नेला विकली आणि यूटीव्हीतही डिस्नेला हिस्सा दिला. २०१२ मध्ये सगळी कंपनीच डिस्नेच्या हाती गेली, आणि पुढचे वर्ष संपता संपता संस्थापक स्वतः बाहेर पडले. योगायोग असा की, ज्या २०१२ मध्ये हा व्यवहार पुरा झाला त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईत जुन्या पद्धतीची केबल कायद्यानेच बंद झाली आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. जिन्याखालचा तो पत्र्याचा डबा तेव्हा भंगारात गेला.

आपण उभारलेली गोष्ट विकून मोकळे होणे हे आपल्या मराठी मनाला अजूनही नीटसे पचत नाही. दुकान म्हटले की गल्ल्यावर आजोबा, मग बाप, मग नातू बसलेला दिसला पाहिजे. ते विकले तर ‘विकावे लागले’ असेच आपण म्हणतो, ‘विकले’ असे म्हणत नाही. स्क्रूवाला यांच्या कारकिर्दीत मात्र विक्री हा अपयशाचा पुरावा नसून कामाचा एक टप्पा आहे. केबल सोडली, वाहिनी सोडली, कंपनी सोडली. प्रत्येक वेळी मागे राहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात चालू राहील अशा अवस्थेत होती, म्हणूनच तर तिला गिऱ्हाईक मिळाले. उद्योगातली ही सवय त्यांच्या दानधर्मातही उतरली आहे, आणि मला त्या दानधर्मात रस वाटण्याचे कारण तेच आहे.

स्क्रूवाला आणि झरीना मेहता या दाम्पत्याचे ग्रामीण काम आधी ‘शेअर’ या नावाने चालू होते. यूटीव्ही विकल्यानंतर त्याला मोठे स्वरूप आले आणि ‘स्वदेस फाउंडेशन’ हे नाव आले. २००४ च्या ज्या चित्रपटाच्या निर्मितीत यूटीव्हीचा वाटा होता, त्याचेच हे नाव. परदेशातला शास्त्रज्ञ गावी येतो आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो, अशी त्याची गोष्ट. ते गाव पडद्यावर उत्तरेकडचे असले तरी त्यातला सुंदर घाट आपल्या वाईजवळच्या मेणवलीचा आहे, हे नाना फडणवीसांचा वाडा पाहायला गेलेल्या कोणालाही लगेच ओळखू येते. संस्थेने कामासाठी निवडले ते रायगड जिल्ह्यातले सात तालुके: महाड, माणगाव, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन, तळा आणि सुधागड. दहा लाख लोकांना गरिबीतून वर आणायचे असे उद्दिष्ट जाहीर केले.

मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत हा कायदा १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. त्यानंतर गावोगाव देणगीच्या पाट्या वाढल्या, हे खरे. परंतु कायद्याने काढून ठेवायला लावलेला पैसा आणि स्वतःची कंपनी विकून हातात आलेला पैसा यांत फरक आहे. पहिला पैसा मार्चअखेरीस संपवायचा असतो, दुसऱ्याला तशी घाई नसते. कोकणातल्या पाण्याच्या कामाला घाई अजिबात मानवत नाही.

माझे आजोळ माणगाव तालुक्यातले, म्हणून हे थोडे जवळून माहीत आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. सह्याद्रीच्या उतारावरून पाणी जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने खाडीकडे निघून जाते. काळ्या पाषाणात ते मुरायला जागा कमी, आणि अडवायला कोणी उभे नाही. मे महिन्यात मामी चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी ठेवून डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर जायची. झऱ्याशी वाटी बुडेल इतकेच पाणी साठे. ते वाटीने कळशीत भरायचे, कळशी भरली की हंड्यात, आणि पुन्हा पाणी साठेपर्यंत वाट पाहायची. गावाला नळयोजना नव्हती असे नाही. टेकाडावर सिमेंटची टाकी होती, तिच्यावर उद्घाटनाची तारीख कोरली होती, खाली पाइपही गाडलेले होते. पंप जळला, तो दुरुस्त करायला पैसे नव्हते, वीजबिल थकले, मीटर गेला, आणि टाकीत वटवाघळांनी घर केले. कोकणातल्या ज्या गावात अशी टाकी नाही ते गाव मला दाखवावे. तिथे योजना कधी आलीच नव्हती असे नाही. आली, आणि महिन्याचे पैसे गोळा करणारा कोणी नव्हता म्हणून बंद पडली.

जिथे एका संस्थेच्या मदतीने नळ आले आणि टिकले, अशी एक वाडी आजोळाच्या शेजारी आहे. तिथे मला टाकीपेक्षा वही पाहायला मिळाली याचा अधिक आनंद झाला. शाळकरी मुलांच्या असते तशी दोनशे पानी वही, पुठ्ठ्यावर देवाचे चित्र, आत घरमालकाचे नाव आणि बारा महिन्यांचे रकाने. ती सांभाळणाऱ्या ताई पाणी समितीच्या सदस्य होत्या. एका नावासमोर तीन रकाने कोरे होते. मी विचारले तर म्हणाल्या, ‘ते मुंबईला असतात, गणपतीत येतील तेव्हा घेईन. सोडणार नाही.’ योजना उभी करताना प्रत्येक घराने आपला वाटा दिला होता, चर खणायला श्रमदान केले होते, आणि त्यामुळे तोटी गळायला लागली की ती आपली गळते आहे अशी भावना होती. आमच्या चाळीतल्या केबलवाल्याच्या काखेतली वही आणि ही वही यांत मला फारसा फरक दिसला नाही. स्वदेसच्या कामाची घडीही साधारण अशीच आहे: घरोघरी स्वतंत्र नळ, त्यात गावाचा आर्थिक आणि श्रमाचा सहभाग, आणि सगळे सांभाळायला गावातलीच समिती. धर्मादाय कामात पैसे मागण्याचा संकोच न बाळगणारा हा माणूस कोणत्या धंद्यातून आला आहे, हे लक्षात घेतले की ही घडी आपोआप उलगडते.

मुंबईच्या पारशी समाजाला पाणी देण्याची परंपरा जुनी आहे. फोर्टातली भिका बेहराम विहीर १७२५ ची. जमशेटजी जीजीभाईंनी पुण्याच्या पाणीपुरवठ्याला मोठी देणगी दिली, कावसजी जहांगीर रेडीमनींनी मुंबईत पाणपोया बांधल्या. हे सगळे दान निखळ होते, तहानलेल्याने यावे आणि पाणी प्यावे. स्क्रूवाला त्याच परंपरेतले असले तरी त्यांची रीत वेगळी आहे, कारण इथे घेणाराही देतो. पुण्यसंचयाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ही रीत कोरडी वाटेल. मला ती अधिक आदराची वाटते.

परंतु रायगडात पाण्याविषयी लिहिताना दानाचा इतिहास सांगून थांबता येत नाही. या सात तालुक्यांतल्याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या ओंजळीचा हक्क न्यायालयात मान्य व्हायला १९३७ उजाडावे लागले. तळ्यात पाणी होते, ते कोणी दान द्यायची गरज नव्हती. प्रश्न होता तो तिथवर कोण पोहोचू शकतो याचा. सार्वजनिक पाणवठा हा आपल्या समाजात नेहमीच उतरंडीचा पाणवठा राहिला आहे. कोणी आधी भरायचे, कोणी वरून ओतून घ्यायचे, कोणाच्या घागरीचा स्पर्श चालतो, हे नियम न लिहिता पाळले जात. प्रत्येक घराच्या दारात स्वतंत्र नळ येतो तेव्हा ही रांगच मोडते, आणि या एका गोष्टीचे मोल मला हंड्यांच्या वाचलेल्या खेपांइतकेच वाटते. अर्थात टाकी कोणाच्या जागेत बांधली, पाइप आधी कोणत्या आळीतून नेला आणि समितीत कोणाकोणाला घेतले, यातून जुनी उतरंड नव्या वाटेने परत येऊ शकते. ती कोणत्याही देणगीदाराच्या अहवालात सहसा दिसत नाही.

दहा लाख या आकड्याविषयीही मनात थोडी अढी आहे. टीव्हीच्या धंद्यात प्रेक्षक मोजण्याची सवय लागते. किती घरे, किती डोकी, किती पोहोच. गावातल्या माणसाला असे मोजता येते का, आणि नळ आला म्हणून तो गरिबीतून बाहेर पडला असे कोणत्या दिवशी म्हणायचे? मुलगा मुंबईला वॉचमनकी करतो, सून घरी, नळाला पाणी आहे, शौचालय आहे, भाताची एकपिकी शेती आहे: हे घर कोणत्या रकान्यात घालायचे? मोठी उद्दिष्टे जाहीर केल्याशिवाय मोठी माणसे कामाला लागत नाहीत, हे मान्य करूनही हे प्रश्न उरतात. शिवाय २०१९ पासून केंद्राच्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ हे सरकारचेच काम ठरवले आहे. जे राज्याने करायचे ते एखाद्या श्रीमंताच्या मर्जीवर असू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. तरी आजोळच्या टाकीतली वटवाघळे आठवली की वाटते, नळ कोणी दिला यापेक्षा त्यानंतर वही कोणी ठेवली, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याचे उत्तर सरकारी योजनेलाही द्यावेच लागणार आहे.

कबड्डीचा उल्लेख केल्याशिवाय रायगडकर हा लेख पुरा मानणार नाहीत. होळीनंतर ज्या मैदानांवर गावोगावच्या संघांच्या स्पर्धा रात्रभर रंगतात, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी २०१४ मध्ये स्क्रूवाला यांचा ‘यू मुंबा’ टीव्हीवर पाहिला आणि पुढच्या वर्षी तो जिंकलेलाही पाहिला. तो धंदा होता, दान नव्हे, आणि तसाच तो मांडलाही गेला. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडला.

स्वदेसच्या कार्यपद्धतीत कामाचे चार टप्पे सांगितले जातात. गावाशी नाते जोडणे, गावाला सक्षम करणे, प्रत्यक्ष काम करणे, आणि शेवटी गावातून बाहेर पडणे. चौथा टप्पा कागदावर लिहिणारे देणगीदार मी फार कमी पाहिले आहेत. बहुतेकांना गावात आपली पाटी कायमची हवी असते. बाहेर पडायचे म्हणजे पंप जळेल तेव्हा फोन करायला मुंबईचे ऑफिस नसेल, समितीतल्या दोघांचे बिनसले तर मिटवायला कार्यकर्ता नसेल, आणि तरीही नळाला पाणी आले पाहिजे. कंपनी विकताना पुढचा मालक पैसे मोजून येतो, म्हणून तो ती सांभाळतो. गाव सोडताना पुढचा मालक गावच असतो, आणि त्याने काही विकत घेतलेले नसते. त्याचा वाटा आणि त्याची पाणीपट्टी एवढीच त्याची गुंतवणूक. म्हणून ती वर्गणी लहान असली तरी तिला मी इतके महत्त्व देतो.

रायगडात या व्यवस्थेला एक टेकू आधीपासून होता. इथल्या प्रत्येक गावाचे एक मुंबईकर मंडळ असते. परळ-लालबागच्या खोल्यांत, आता डोंबिवली-विरारला, त्याच्या बैठका होतात, देवळाचा जीर्णोद्धार तिथे ठरतो, वर्गणी तिथे जमते, आणि त्याला विचारल्याशिवाय गावात पान हलत नाही. ज्यांच्या नावासमोर रकाने कोरे आहेत ते गणपतीत येऊन थकबाकी भरतात ते मुंबईत कमावलेल्या पैशाच्या बळावर. अलीकडच्या वर्षांत स्वदेसने नाशिक जिल्ह्यातही काम सुरू केले आहे. नाशिकच्या डोंगराळ भागातली माणसे मुंबईच्या नोकरीसाठी गाव सोडत नाहीत, ती दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. रोजावर जातात, कुटुंबासकट जातात, आणि त्यांच्या मागे शहरात वर्गणी जमवणारे मंडळ नसते. तिथल्या वाड्यांत पाणीपट्टीची वही कोणत्या महिन्यात उघडायची आणि छाटणीच्या हंगामात अर्धी वाडी बागेवर असताना ती कोणी सांभाळायची, हे रायगडच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही. ते तिथल्या समित्यांनाच बसून ठरवावे लागेल.